ट्यूबचा फोनो प्री आणि किशोरीताईंचा भूप

रेकॉर्डवर खर्जाकडचा आवाज दाबून आणि वरचा चढवून कोरलेला असतो. हे प्रमाण, आरआयएए कर्व्ह, १९५४ पासूनचं. फोनो प्रीअँप म्हणजे रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायरमधलं यंत्र; त्यानं ते उलटवायचं आणि कार्ट्रिजचे, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचे, जेमतेम ५ मिलिव्होल्ट शंभरेक पटीनं वाढवायचे. माझ्याकडे आता हे काम १२एएक्स७ या व्हॅक्यूम ट्यूबची जोडी करते.

किशोरीताई आमोणकरांची भूपची एलपी लावली. त्या गंधारावर थांबतात तिथे स्वराची कड टोचत नाही, तरी धार शाबूत आहे. तानपुऱ्याची जवारी गळ्यामागे सुटी, सलग ऐकू येते. हे मला आधीच्या ट्रान्झिस्टर प्रीवर कधीच मिळालं नव्हतं. डग्गा भरीव, पण किंचित सैल. द्रुतमध्ये ते जाणवतं. मला चालतं, मी गळ्यासाठी ऐकतो.

ट्यूब तापायला वीसेक मिनिटं द्याच, आधी गाणं आक्रसलेलं वाटतं. रात्री उशिरा ठाण्यात नौपाड्यातला गोखले रोड शांत झाला की दोन बंदिशींमध्ये हलकी सूं ऐकू येते. गाणं सुरू झालं की विरते.

मूव्हिंग कॉइल, म्हणजे फार क्षीण सिग्नल देणारं, कार्ट्रिज असेल, तर अर्ध्या मिलिव्होल्टाला एवढं गेन, म्हणजे एवढी वाढ, पुरणार नाही. सिग्नल प्रीअँपआधीच वाढवणाऱ्या स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरचा खर्च आधीच धरा.