एकसष्ट पट्टकादंब

जानेवारीत नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पाणपक्ष्यांची मोजणी असते. मी वनरक्षक, पैठणकडचा थोडा काठ माझ्याकडे. उजाडायच्या आत पोचावं लागतं, ऊन चढलं की पाणी चमकतं आणि सगळेच पक्षी काळे दिसतात.

वारकरी नावाचे पाणपक्षी मोजणं सोपं. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. दहांचा गठ्ठा नजरेत बसवायचा आणि तोच थव्यावरून सरकवत न्यायचा. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, मात्र मी एकेक मोजते. हिमालय ओलांडून आलेला पक्षी ढोबळ मोजणं माझ्या जिवावर येतं. त्या दिवशी ते गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या, हरभऱ्यात चरत होते. ६४ भरले. तेवढ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी अगदी खालून उडत गेला आणि सगळा थवा उठला. परत उतरल्यावर ५८. काही उंचवट्यामागे असतील म्हणून अर्धा तास थांबले. तिसऱ्यांदा ६१. तिन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहिले.

जागेवरच लिहायची सवय पक्षी-अभ्यासक जमाल आरांबद्दल वाचल्यापासूनची. १९२३ साली बिहारमधल्या बाढला जन्म, शिक्षण दहावीपर्यंत. छोटा नागपूरच्या जंगलात हिंडून पाहिलेलं टिपून ठेवायच्या आणि त्याचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात यायचे. १९४९ पासून १९८८ पर्यंत लिहीत राहिल्या. मुलांसाठीचं त्यांचं 'वॉचिंग बर्ड्स' नॅशनल बुक ट्रस्टनं १९७० मध्ये काढलं. सालीम अलींचं नाव आमच्याकडे शिपायालाही माहीत आहे; या बाईंचं नाव मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मला फार लागतं.

संध्याकाळी तक्ता भरायला बसले. साहेब म्हणाले, "मॅडम, शंभर लिहा. मागच्या वर्षी शंभरच होते. एकसष्ट गेले तर पक्षी का घटले म्हणून वरून पत्र येईल, उत्तर तुम्ही देणार का?"

मागच्या वर्षीचे शंभर तरी कुणी मोजले होते? आमच्या ऑफिसात दरवर्षी जुन्या तक्त्यावरून नवा तक्ता होतो आणि पाणी भरलं काय, आटलं काय, पक्षी तेवढेच राहतात. हे सगळं मी बोलायला हवं होतं. सहा वाजले होते, शेवटची बस चुकेल या धास्तीनं शंभर लिहिलं, खाली सही केली.

वहीतलं पान तसंच आहे. ६४, ५८, ६१. तक्त्याची झेरॉक्स मागून घेतली आणि त्याच पानाला टाचून ठेवली.