पंधरा वर्षांची वॅगनआर आणि आरसीचं नूतनीकरण

आमची वॅगनआर मे 2008 ची, एमएच 19 म्हणजे जळगाव पासिंगची. 2023 उजाडलं तसं जो तो सांगायला लागला, "आता भंगारात घाला, पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी उचलून नेतं." ती भानगड दिल्ली परिसरातली. तिकडे डिझेल गाडीला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा घातली गेली, आणि व्हॉट्सॲपवरून ती थेट यावल-रावेरपर्यंत पोहोचली. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी, म्हणजेच आरसी, 15 वर्षांची असते. आरटीओच्या तपासणीत गाडी पास झाली की पुढची 5 वर्षं मिळतात.

मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत अर्ज करता येतो. मुदत टळली तर महिन्याला 500 रुपये विलंब शुल्क चढतं, म्हणून उगाच लांबवू नये. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरातले, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरातले, शेवटचे पाच आकडे टाकायचे. ओटीपी मात्र नोंदवलेल्या मोबाइलवरच येतो, आणि आमच्या गाडीला कोणाचा मोबाइल जोडलेला होता देव जाणे. आधी तो बदलून घेतला, मग फॉर्म 25, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज, भरला.

2023 मधल्या पैशांचं सांगतो. नूतनीकरणाचे 5000, स्मार्ट कार्डाचे 200, शिवाय पाच वर्षांचा पर्यावरण कर, पेट्रोल गाडीला 3000. डिझेल असती तर 3500. एप्रिल 2022 च्या आधी हेच नूतनीकरण 600 रुपयांत व्हायचं, हे कळल्यावर आमचे आबा दिवसभर घुश्शात होते. विमा आणि पीयूसी चालू लागतात, ते होते. एजंटाने वरचे पैसे सांगितले ते मला पटले नाहीत. फॉर्म भरण्यात असं अवघड काही नाही.

खरा घाम फोडला तो चेसिस नंबराने. निरीक्षक तो आरसीशी ताडून बघतात आणि कागदावर त्याचा पेन्सिलने घेतलेला ठसाही लागतो. बॉनेट उघडलं तर नंबराच्या जागी गंज, ग्रीस आणि पंधरा वर्षांची धूळ. मिस्तरी वाकून बघत म्हणाला, "नंबरच दिसी नही राहिना, भाऊ!" मी पॉलिश पेपर पुढे केला तर त्याने तो हातातून काढूनच घेतला. घासून एखादा आकडा पुसट झाला तर नंबर नव्याने पंच करायला आरटीओची परवानगी काढत बसावं लागतं. त्याने रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं त्या जागी दाबून ठेवलं, चहा घेऊन आला, आणि मग जुन्या दातब्रशने एकेक अक्षर मोकळं केलं. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली तसा नंबर उमटत गेला. शेवटून दुसरा आकडा 3 आहे की 8 यावर आमची बरीच हुज्जत झाली. आरसीत 8 होता, आणि मोबाइलची बॅटरी तिरपी धरल्यावर पत्र्यावरही 8 च निघाला. हे काम तपासणीच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

बाकी किरकोळच. वायपरचं रबर आपल्याकडच्या उन्हाने पापडासारखं कडक झालेलं, ते बदललं. एक इंडिकेटर मधूनच दमायचा, त्याचा बल्ब नवा टाकला.

तपासणीला ऊन चढायच्या आत निघालो. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, टायर, सीटबेल्ट बघितले, पत्र्यावरचा आणि आरसीतला नंबर जुळवला, गाडी थोडी पुढेमागे घ्यायला लावली. वायपर मात्र चालवून बघितलाच नाही, नवं रबर टाकल्याची हळहळ तेवढी वाटली. पुढे मे 2028 पर्यंतची मुदत ऑनलाइन दिसायला लागली आणि कार्ड पोस्टाने घरी आलं.

आता जाणार असाल तर एक गोष्ट जास्तीची. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, बसवलेली हवी. मला तेव्हा ती लागली नव्हती, नंतर बसवली: चारचाकीला 745 रुपये, जीएसटी वेगळा.