मारा नदी, तिसरी खेप: पुन्हा भोपळा (आणि एक नवीन खूळ)

मंडळी, परवा रात्री नैरोबीहून परतलो. आधी निकाल सांगून टाकतो. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात विल्डबीस्टचे (गाईसारखं दिसणारं आफ्रिकी हरीण) कळप मारा नदी ओलांडतात, ते क्रॉसिंग दिसलं नाही. तिसऱ्या खेपेलाही नाही.

मागच्या नोंदीत छाती ठोकून लिहिलं होतं की यंदा अंदाज चुकणार नाही. खरं सांगायचं तर तो अर्धा बरोबर आला, आणि तेच जास्त लागलं. चिर्प्सचे (उपग्रहावरून काढलेले पावसाचे अंदाज) पाच-पाच दिवसांचे नकाशे जूनपासून जमवत होतो. जुलैअखेर नदीच्या पश्चिमेला, मारा ट्रँगलमध्ये सरी पडल्याचं दिसत होतं आणि पूर्वेकडे कोरडं. वादळं तिकडे व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूने येतात, त्यामुळे पश्चिमेची बाजू तशीही जास्त ओली असते. म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कळप पूर्व काठावर येऊन पलीकडच्या हिरवळीकडे बघत उभे राहणार, असं मी लिहिलं होतं. आले की! सेकेनानी गेटमधून आत शिरल्यावर पहिल्याच दिवशी लुकआउट हिलच्या खाली विल्डबीस्टच्या रांगाच रांगा. पाच किलोमीटरच्या चौकोनांचा नकाशा घरी बसून बघायचा आणि तिथे खरोखर जनावर उभं असायचं, हा आनंद ज्यांनी हे केलंय त्यांनाच कळेल. त्या रात्री मी आतेभावाला इतकं पिडलं की तो कानात बोळे घालून झोपला.

एक सावधगिरीची गोष्ट. जूनमध्ये 'मायग्रेशन आलं' म्हणून जे फोटो फिरतात, त्यातले बरेचसे लोइटा मैदानातल्या केनियाच्या स्वतःच्या कळपाचे असतात. तो कळप कोरड्या दिवसांत मारात उतरतो. टांझानियातल्या सेरेंगेटीहून येणाऱ्या तेरा लाखांशी त्याचा संबंध नाही. पहिल्या वर्षी मी याच फोटोंवर तिकीट काढलं होतं. फोटोत दक्षिणेकडून, वाळूनदीच्या (सँड रिव्हर) बाजूने येणारी रांग आहे की लोइटाकडून, ईशान्येकडून आलेली, ते आधी विचारा.

आता नदी. तिसरा दिवस, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. काठावर अंदाजे दोन हजार विल्डबीस्ट आणि पुढे पन्नासेक झेब्रे. नियमाप्रमाणे गाड्या काठापासून मागे, झुडपांच्या आडोशाला. पहिले झेब्रे घसरणीवरून खाली उतरले, पाण्याला तोंड लावलं, कान टवकारले, परत वर. पुन्हा उतरले. मागून रेटारेटी, धुळीचा लोट, तो एकसुरी 'ङॅं ङॅं' आवाज. साडेअकराला एका विल्डबीस्टचे पुढचे दोन्ही पाय पाण्यात. मी श्वास रोखून बटणावर बोट ठेवलेलं. तेवढ्यात मधल्या डोहात पाणघोडा फुरफुरला आणि सगळा कळप शंभर मीटर मागे. मग चरायला लागले, जणू नदी पहिल्यांदाच पाहताहेत.

असं दोन वाजून चाळीसपर्यंत चाललं. साडेचार तास. तिकीट बारा तासांचं, जुलै ते डिसेंबर दोनशे डॉलर, म्हणजे तासाला सोळा-सतरा डॉलर मी झेब्र्यांचे कान बघण्यासाठी मोजले. आमचा ड्रायव्हर दर अर्ध्या तासाने शांतपणे 'केशो' म्हणायचा. स्वाहिलीत केशो म्हणजे उद्या. आतेभावाला वाटलं तो केशवाचा धावा करतोय.

संध्याकाळी साडेसहाच्या आत कॅम्प गाठावा लागतो, म्हणून निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याच जागी गेलो तर काठ रिकामा. समोरची दरड ओली, खुरांनी उकरलेली, आणि दोन मेलेली जनावरं दगडांत अडकलेली, त्यांच्यावर मराबू करकोचे. आम्ही पाठ फिरवल्यावर, नाहीतर पहाटे, गेले.

पाऊस एवढंच सांगतो की कोणत्या पंधरवड्यात कोणत्या भागात. पाणी कधी ओलांडायचं ते काठावर ठरतं: दरडीचा उतार, झुडपात सिंहीण आहे की नाही, पुढचा झेब्रा किती भित्रा. शिवाय नदीची पातळी ठरवतो तो उगमाकडच्या माऊच्या जंगलातला पाऊस, मारातला नव्हे. माझ्या नकाशात यातलं काहीच नाही. ज्या एजंटने मला दोन वर्षांपूर्वी 'हमखास क्रॉसिंग'चं पॅकेज विकलं, त्याच्याकडेही नव्हतं.

म्हणून दोन-दोन रात्री तीन कॅम्प हा प्रकार बंद. पाच रात्री एकाच ठिकाणी, नदीपासून अर्ध्या तासात. आणि पॉप-अप छताची व्हॅन पुन्हा घेणार नाही. पैसे वाचतात खरे, पण एक सर पडली की तिथली जमीन आपल्या विदर्भातल्या काळ्या रानासारखी पाय धरते. तिथले ड्रायव्हर तिला 'ब्लॅक कॉटन'च म्हणतात! चिखलात रुतलो तेव्हा आतेभाऊ अकोल्याच्या शेतात ढकलावी तशी गाडी ढकलत होता. लँड क्रूझरच घ्या. कॅमेरा टेकवायची बीनबॅग मात्र इथून रिकामी न्या, वाटेत नारोकला राजमा भरा आणि निघताना कॅम्पच्या स्वयंपाकघरात देऊन टाका. या खेपेतली माझी एकमेव शंभर टक्के यशस्वी योजना.

हे लिहिता लिहिता जुनी वही चाळत होतो. वाटलं, या विल्डबीस्टचं एक घड्याळ तरी पक्कं असेल ना? आहे. माजाचा काळ मेअखेर ते जून, गर्भ साधारण आठ महिने, म्हणजे वासरं फेब्रुवारीत. आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सगळी! एकदम इतकी जन्मतात की तरसांना खाऊन संपत नाहीत. जागा सेरेंगेटीच्या दक्षिणेला, टांझानियात, न्दुटू तळ्याच्या आसपासची आखूड गवताची मैदानं. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, खाली कठीण थर, त्यामुळे झाडं नाहीत, पण गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, दुभत्या मादीला हवं तेच. पाऊस लांबला तर कळप थोडे इकडेतिकडे होतील, पण वासरू पोटात थांबवून ठेवता येत नाही. शिवाय न्दुटूचा जो भाग न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतो, तिथे गाडी रस्ता सोडून नेता येते. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात ते चालत नाही.

म्हणजे मी तीन वर्षं चुकीच्या टोकाला बसलो होतो? आतेभावाला फोन केला. तो म्हणाला, मला नदीच बघायचीय, वासरं गोठ्यात पण असतात. बरं, बघू.

तर सध्याचा बेत असा. सप्टेंबरच्या दुसऱ्या खेपेसाठी ठेवलेले पैसे वळवायचे, 12 ते 18 फेब्रुवारी, अदिसमार्गे किलिमांजारो, तिथून करातू आणि थेट न्दुटू. पाच रात्री, एकच कॅम्प. 150-600 ची लेन्स पुन्हा भाड्याने न घेता 100-400 वरच भागवायचं, कारण तिथे जनावर गाडीच्या चाकाशी येतं म्हणतात. ज्यांनी फेब्रुवारी केलाय त्यांनी एवढं सांगा: मासेक तळ्याच्या बाजूला राहू की न्दुटूच्या? रजेचा अर्ज सोमवारी टाकायचाय.