ट्रिपिंग झाले नाही

जानेवारीतल्या त्या पहाटे मी नागपूरहून उमरेडच्या रस्त्याला लागलो, तेव्हा वन विभागाच्या अधिकाऱ्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता : रात्री तुमचा फीडर ट्रिप झाला होता का, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी दोष येऊन आपोआप बंद पडली होती का? उपकेंद्रातल्या यंत्रचालकाने लॉगशीट दोनदा पाहिली. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत दर तासाचे अँपिअर व्यवस्थित नोंदवलेले होते आणि ट्रिपिंगचा रकाना कोरा होता. तिकडे हरभऱ्याच्या एका वावरात, बांधालगत, साधारण दोन वर्षांचा नर वाघ मरून पडलेला होता.

रात्री कृषी फीडर ट्रिप झाला की ते वन विभागाला कळवायचे, अशी व्यवस्था आमच्या भागात एका बैठकीत ठरली होती. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो होतो. कोणी थेट 11 केव्हीच्या वाहिनीवर आकडा टाकला, तर ही व्यवस्था उपयोगी पडते. पण रानडुकरांना रोखायला शेतकरी वावराभोवती तार ओढून जोडतो ती पंपाच्या स्टार्टरमधल्या एका फेजला, म्हणजे 230 व्होल्टला. जनावराच्या अंगातून तेव्हा जाणारा प्रवाह पाव अँपिअरच्या आसपास असतो, आणि जीव घ्यायला तेवढा पुरतो. डीपीवरचा, म्हणजे रोहित्राच्या पेटीतला, फ्यूज वितळायला त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. शिवाय आमची रोहित्रे डेल्टा-स्टार जोडणीची असल्यामुळे लघुदाब बाजूचा अर्थ फॉल्ट, म्हणजे जमिनीत उतरणारा प्रवाह, 11 केव्हीच्या बाजूला अर्थ फॉल्ट म्हणून दिसतच नाही. जो काही प्रवाह वाढतो तो सुमारे चव्वेचाळिसाव्या हिश्श्याने पोहोचतो, आणि दोष ओळखून वाहिनी तोडायला लावणाऱ्या उपकेंद्रातील रिलेला त्याची जाणीवही होत नाही. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात ते हे. घरात तीस मिलिअँपिअरला वीज तोडणारे यंत्र बसवता येते. आमच्याकडच्या पंपावर ते बसवलेले मी अजून पाहिलेले नाही.

वावरात फूटभर उंचीच्या बांबूच्या खुंट्या आणि त्यांवरून ओढलेली बाइंडिंगची तार होती. तार जोडताना गाठ इतकी नीट मारली होती की आमच्या वायरमनने नकळत मान डोलावली. शेतकरी पळून गेला नव्हता. तो विहिरीच्या काठावर बसला होता आणि मला ओळखून उठून उभा राहिला.

“साहेब, मी का वाघासाठी लावला का जी तार? डुकराईनं अर्धा हरभरा उखडला. दिवसा लाईन देल्ली असती तं रात्री वावरात कायले आलो असतो?”

मी उत्तर दिले नाही, कारण त्याच्या गावाचा अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात होता. कृषी फीडरला आम्ही आठ तास थ्री फेज देतो, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आलटून-पालटून. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या भोवतालच्या गावांत रात्रीच्या पाळीचा अर्थ वाघाच्या वाटेवर ओलिताला जाणे असा होतो. मात्र दिवसाच्या भारात कारखाने आणि कार्यालये आधीच उभी असतात आणि ग्रिडला शेतीचा भार रात्रीच सोयीचा पडतो. अर्ज मी वर पाठवला होता. ‘वेळापत्रकानुसार’ असा शेरा घेऊन तो परत आला.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पद्धतीप्रमाणे शवविच्छेदन झाले, आणि नखे-दातांसह सगळे शव सर्वांसमक्ष जाळण्यात आले. उमरेडच्या प्रसिद्ध जय वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीडजवळ अशाच तारेवर मेला होता, तेव्हा मी वर्तमानपत्रात वाचून हळहळलो होतो. जळणाऱ्या वाघाचा वास वर्तमानपत्राला येत नाही.

संध्याकाळी अपघाताचा नमुना भरायला बसलो. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 161 प्रमाणे प्राण्याच्या मृत्यूचीही सूचना विद्युत निरीक्षकांना द्यावी लागते, आणि त्या नमुन्यात प्राण्याच्या मालकाचे नाव व पत्ता विचारलेला असतो. म्हशींच्या वेळी तो रकाना कधी अडत नाही. वाघासाठी मी बराच वेळ विचार करून ‘महाराष्ट्र शासन’ लिहिले, आणि पत्त्याच्या जागी वनपरिक्षेत्र कार्यालयाचा पत्ता टाकला. कारणाच्या रकान्यात ‘अनधिकृत जोडणी’ लिहिले. ते खरे आहे. फीडर त्या रात्री वेळापत्रकानुसार चालू होता, हेही खरे आहे. ते मी लिहिले, खोडले, आणि नवीन कागद घेतला.

दिवसा वीज द्यायचा मार्ग नाही असे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून त्यासाठीच आहे : उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज दिवसा शेतीला द्यायची. आमच्या उपकेंद्राजवळ सलग सरकारी जमीन शोधली, तेव्हा सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ निघाले. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ही जमीन आपल्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाप्रमाणे वनच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला. तो वाचून मला बरेच वाटले, कारण झुडपी म्हणून हिणवलेल्या त्याच पट्ट्यांतून जनावरे एका जंगलातून दुसऱ्यात जातात, हे मी रात्री वाहिनीची गस्त घालताना स्वतः पाहिले आहे. म्हणजे वाघाला तारेपासून वाचवणारे पॅनेल वाघाच्याच वाटेवर टाकावे लागणार होते. खासगी जमिनीचा शोध अजून चालू आहे. ओलिताची जमीन भाड्याने द्यायला कोणी राजी होत नाही, आणि त्यात त्यांची चूक मला दिसत नाही.

पुढच्या सोमवारी तो फीडर दिवसाच्या पाळीत आला. शेतकरी कोठडीत होता, आणि स्टार्टर तारेसह पंचनाम्यात जप्त झाला होता. त्याच्या मुलाने कुणाचा तरी जुना स्टार्टर मागून आणला आणि जोडून द्यायला आमच्या वायरमनला बोलावले. वायरमनने फोनवर विचारले, “साहेब, जोडू का?” मी जोड म्हणालो. चौकशी चालू असलेल्या जोडणीला अशी परवानगी देणे माझ्या अधिकारात बसते की नाही, हे मी अजून पाहिलेले नाही.