नवा राउटर, जुनी लाइन: गोडोलीतल्या घराची नोंदवही

७ जून
आज जुना राउटर काढला. गेले दोन-तीन महिने संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला नेट अडकत होतं. मुलाचा क्लास थांबायचा, सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, कीर्तन मध्येच खोळंबायचं. राउटर सहा वर्षांचा, म्हणून संशय सगळा त्याच्यावर. मॉडेम केबलवाल्यांनी दिलेला, डॉक्सिस ३.० चा (टीव्हीच्या केबलवरून नेट चालवायचं मानक), तो तसाच ठेवला. साताऱ्यात बऱ्याच ठिकाणी फायबर थेट घरात आलंय, पण आमच्या गल्लीत ते नोडपर्यंतच, म्हणजे केबलवाल्यांच्या पेटीपर्यंतच येतं. तिथून घरापर्यंत अजून कोॲक्सच, म्हणजे टीव्हीची गोल केबल.

नवा राउटर जोडला. मॉडेमचा ऑनलाइन दिवा स्थिर, मधली लॅन वायर ठीक, पण राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या नेटच्या बाजूचा) पत्ता ०.०.०.०, म्हणजे पत्ता मिळालाच नाही. केबल मॉडेमवाल्यांना हे ओळखीचं असेल. मॉडेम चालू होताना केबलवाल्यांच्या सर्व्हरवरून कॉन्फिग फाइल उतरवून घेतो. मागे किती उपकरणं चालतील तो आकडा तिच्यातच असतो आणि घरगुती जोडणीत तो बहुतेक वेळा एकच असतो. सुरू झाल्यावर पहिला जो मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसेल तो मॉडेम धरून ठेवतो, दुसऱ्याला पत्ता मिळू देत नाही. मॉडेमची वीज तोडली की ही आठवण पुसली जाते.

म्हणून बोर्डावरचं बटण पाच मिनिटं बंद ठेवलं. पुन्हा ०.०.०.०. परत दहा मिनिटं. तेच.

रात्री मॉडेमचं स्वतःचं पान उघडलं, १९२.१६८.१००.१. तिथे अप टाइम, म्हणजे न थांबता चालू असल्याचा काळ, होता ४१ दिवस. मॉडेम बंद झालेलाच नव्हता! लाइट जाते म्हणून गेल्या वर्षी त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला होता, टीव्हीच्या कपाटामागे. बटण बंद केलं की तो इमानाने मॉडेम चालवत होता. मॉडेमच्या पाठची पिन उपसली, मिनिटभर थांबून परत लावली. आधी मॉडेम पूर्ण ऑनलाइन येऊ दिला, मग राउटर चालू केला. दोन मिनिटांत पत्ता मिळाला. जुन्याचा मॅक नव्यावर क्लोन, म्हणजे नक्कल, करायची गरज पडली नाही. केबलवाल्यांनी त्यांच्या बाजूला मॅक बांधलेला असेल तरच ती पडते, किंवा त्यांना फोन करून नवा मॅक नोंदवून घ्यावा लागतो.

११ जून
नेट परत अडकलं, त्याच वेळेला. नव्या राउटरवर! आता मॉडेमच्या पानावरचे आकडे नीट लिहून काढले. हे मी राउटर बदलायच्या आधीच करायला हवं होतं.

डाउनस्ट्रीम (घरात येणारा सिग्नल) उणे ११ डीबीएमव्ही, हे सिग्नलच्या जोराचं माप. एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर) ३१. अपस्ट्रीम ५२.

डाउनस्ट्रीम शून्याच्या आसपास, साधारण उणे ७ ते अधिक ७ मध्ये असलेला बरा. एसएनआर ३३ च्या वर हवा. अपस्ट्रीम म्हणजे मॉडेमला किती जोराने ओरडावं लागतंय तो आकडा. पन्नाशी ओलांडली की मॉडेम जवळजवळ पूर्ण ताकद लावतोय असं समजा. येणारा सिग्नल दुबळा आणि जाणारा चढा, दोन्ही एकदम दिसले की मधे वाटेत कुठेतरी गळती आहे. दोन्ही दिशा त्याच एका तारेतून जातात ना.

मग लॉग, म्हणजे मॉडेमची स्वतःची नोंदवही, बघितला. टी-३ टाइमआउटच्या ओळीच ओळी. मॉडेम रेंजिंगची, म्हणजे केबलवाल्यांच्या यंत्राशी वेळ आणि जोर जुळवून घ्यायची, विनंती वर पाठवतो, दोनशे मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही की एक टी-३ नोंदवतो. ओळीने सोळा प्रयत्न फसले की सगळी जोडणी पहिल्यापासून सुरू. लॉगमधल्या काही ओळींवर १ जानेवारी १९७० अशी तारीख आहे, तिने गोंधळू नका. मॉडेमला घड्याळ मिळायच्या आधीच्या त्या नोंदी. बाकीच्या तारखा मात्र खऱ्या, आणि त्यातल्या कित्येक एप्रिल-मेच्या. जुन्या राउटरवर आम्ही उगाच आळ घेतला होता.

१२ जून
कपाटामागे चार वाटांचा स्प्लिटर (एका केबलच्या चार करणारी डबी) निघाला. घरात तीन टीव्ही होते तेव्हाचा. आता टीव्ही एक, मॉडेम एक, दोन तोंडं उघडी. चार वाटांच्या स्प्लिटरमध्ये साधारण ७ डीबी जातात, दोन वाटांच्यात साडेतीन. उघड्या तोंडातून बाहेरचा गोंगाट आत शिरतो ते वेगळंच. ठेवायचीच असतील तर त्यावर ७५ ओहमचं टर्मिनेटर, म्हणजे तोंड बंद करणारं टोपण, बसवावं.

स्प्लिटर काढून लाइन सरळ मॉडेमला दिली: डाउनस्ट्रीम उणे ४, अपस्ट्रीम ४५. हिशोब बरोब्बर जुळला, फार बरं वाटलं. मग राजवाड्याजवळच्या दुकानातून दोन वाटांचा आणला. घेताना अंगावरचे आकडे वाचा: ५ ते १००० मेगाहर्ट्झ पाहिजे. मला आधी डिश अँटेनाचा हातात दिला होता, ९५० पासून पुढचा. तो दिसायला अगदी तसाच असतो, पण आपलं काम त्याने होत नाही.

१४ जून
दुपारपासून पाऊस. अजिंक्यतारा ढगात गेला आणि तासाभरात लॉगमध्ये टी-३ परत सुरू. डाउनस्ट्रीम उणे १२, अपस्ट्रीम ५३. म्हणजे स्प्लिटर दोषी होता, पण एकटा नव्हता.

केबलवाल्यांकडे फोन केला. लाइनवरचे दादा संध्याकाळी आले. "ताई, राउटर नवा घेतलाय ना, मग त्याचंच काहीतरी असणार." मी त्यांना एप्रिलच्या ओळी आणि वहीतले कोरडे-ओले आकडे दाखवले. ते दोन मिनिटं वाचत उभे राहिले आणि म्हणाले, "चला, गच्चीवर बघू."

गच्चीच्या कठड्याला खांबावरून आलेली वायर आणि घरात उतरणारी वायर यांचा जॉइंट आहे. त्यावर काळी टेप गुंडाळलेली. सोडली तर आतून पाणी ओघळलं. टेपने पाणी अडवण्याऐवजी साठवून ठेवलं होतं. केबलच्या टोकाच्या पिनमध्ये ॲल्युमिनियमच्या जाळीची पांढरी भुकटी झालेली, मधली तार तांबूस गंजलेली. आरजी-६ ची, म्हणजे या कोॲक्स केबलची, मधली तार बहुतेक वेळा सगळी तांब्याची नसते, पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा असतो. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, म्हणून मुलामा पुरतो. तो गेला की उरतं गंजकं पोलाद.

दादांनी दोन्ही बाजूंची हातभर वायर कापून टाकली. जाळीतून पाणी आतपर्यंत झिरपलेलं असतं, नुसती पिन बदलून भागत नाही. पिळून बसवायच्या जुन्या पिनांऐवजी कॉम्प्रेशनच्या बसवल्या, आपसात चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळली. जॉइंटच्या आधी वायरला खाली झोळ सोडला, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला ठिबकेल, पिनेत जाणार नाही. खांबावरचं तोंडही त्यांनीच तपासलं. गच्चीपर्यंतचं आपण करावं, खांबाला मात्र हात लावू नये, तिथे विजेच्या तारा असतात.

दोन वाटांच्या स्प्लिटरसकट आकडे: डाउनस्ट्रीम उणे ३, एसएनआर ३७, अपस्ट्रीम ४४.

२२ जून
चार दिवस संततधार. लॉगमध्ये नवी ओळ नाही. भर पावसात आकडा एका डीबीने हलला, तेवढाच.

जुना राउटर वरच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसता वायफाय पसरवायला, लावला: डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद, पत्ता १९२.१६८.०.२, खालून आलेली वायर वॅनमध्ये न घालता लॅनच्या तोंडात. मामांची खोली तीच. सात वाजता कीर्तन सुरू झालं ते मी जेवायला हाक मारेपर्यंत चालू होतं.

गच्चीवरच्या जॉइंटला अर्थिंगचा ब्लॉक बसवायचा राहिलाय. दादा पुढच्या आठवड्यात आणतो म्हणालेत.