अठ्ठावीस गोळ्या

बाहेर पाऊस धो धो, त्यामुळे कचरा बांधणाऱ्या मावशी आल्या नव्हत्या. मीच लाल पिशवीचं तोंड आवळायला घेतलं आणि मधल्या बोटात कचकन काहीतरी घुसलं. सुई. ती कटरमध्ये कापून पांढऱ्या कडक डब्यात टाकायची, हे लॅबमधल्या शिकाऊ पोरांना मी रोज ओरडून सांगतो. पिशवीत कुणी टाकली, कुणाच्या रक्ताची, काही पत्ता नाही.

आणि मी काय केलं? बोट तोंडात घातलं! पंधरा वर्षं लोकांचं रक्त काढतोय. मग भानावर येऊन नळाखाली हात धरला, साबण लावला. जखम पिळायची नाही, स्पिरिट ओतायचं नाही, एवढं तरी आठवलं.

खरी चूक पुढं झाली. मालक म्हणाले, "एवढंसं तर टोचलंय, बोभाटा करू नको." मीही गप्प बसलो. अशा सुईतून एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या पीईपीच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू करायच्या आणि ७२ तास उलटले की त्यांचा उपयोग नाही, हे मला पाठ होतं. तरी सहा तास मी दुसऱ्यांच्या शुगरचे रिपोर्ट टाईप करत होतो. लाज होती, दुसरं काय? संध्याकाळी बायकोला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "अहो, घरी नंतर या, आधी सीपीआरला जावा."

सीपीआर म्हणजे आमचं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय. तिथल्या आवारात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून मी हेल्मेट काढलं नव्हतं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी आधी ते काढायला लावलं. किती वाजता टोचलं, किती खोल, कावीळ 'बी'ची लस झालीय का, एवढं विचारलं आणि पहिली गोळी समोरच गिळायला दिली.

दुसऱ्या दिवशी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक मॅडमनी संमतीची सही घेऊन रक्त काढलं. तपासणी फुकट. "आजचा रिपोर्ट कालच्या सुईचा नाही बरं का, त्याच्या आधीचा आहे," त्या म्हणाल्या. सुईचं उत्तर दीड महिन्यानं, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी हजारात साधारण तिघांना लागण होते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्या तिघांतला पहिला मीच, असं वाटलं.

गोळी रोज एक, अठ्ठावीस दिवस. एकीतच तीन औषधं: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि रात्री चित्रविचित्र स्वप्नं. त्यात तांबडा रस्सा झाला की मला ॲसिडिटीचं पातळ औषध लागतं. ते आणि ही गोळी एकदम घ्यायची नाही, गोळीनंतर दोन तास तरी थांबायचं. कॅल्शियमच्या गोळीलाही तेच, म्हणून मी उगाचच गंगावेशीतलं दूधही बंद केलं. मॅडम हसल्या, "दूध प्या हो!"

शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही, ही पथ्यं मात्र खरी. दुकानात पाकीट मागताना मी चाळिशीतला माणूस घाम पुसत होतो.

आईला आम्ही सांगितलं नव्हतं, पण तिनं गोळ्यांची डबी पाहिली. बायकोनं सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी माझं ताट वेगळं मांडलेलं. "येगळं ठेवलंय, राग मानू नगंस." मी रागावलो नाही. एका ताटात जेवून, एका तांब्यातलं पाणी पिऊन किंवा डास चावून हे होत नाही, हे सांगायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तिनं स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली.

डबी तीस गोळ्यांची होती. उरलेल्या दोन मी सीपीआरला परत नेऊन दिल्या. तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. लॅबमध्ये आता प्रत्येक टेबलावर पांढरा डबा आहे. मालकांनी एकच आणला, बाकीचे मी माझ्या पगारातून घेतले.