देवरुख ते मार्लेश्वर, बावनदीच्या सोबतीने

आषाढी वारीला आमच्या खाडीपट्ट्यातून फार कोणी जात नाही, ऐन लावणीत शेत टाकून निघणार कसं, जे जातात ते कार्तिकीला. पण संक्रांतीला मार्लेश्वरला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात देवरुखजवळच्या डोंगरातल्या गुहेतल्या शंकराच्या लग्नाला, चालत जायचं म्हटलं की घराघरातून माणूस बाहेर पडतो. यंदा मीपण आमच्या वाडीतल्या मंडळींबरोबर देवरुखपासून चालत गेलो, आणि त्या वाटेवर मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर ती नदी.

मुंबई-गोवा हायवेवरचा बावनदीचा पूल सगळ्यांनी ओलांडलेला असतो, तीच ही नदी. मार्लेश्वरच्या डोंगरातून निघते, पुढे शास्त्री नदीला मिळते आणि शास्त्री जयगडला समुद्रात जाते. आम्ही खाडीकाठचे लोक, आम्हाला हे पाणी फक्त शेवटच्या टोकाचं माहीत, खारट, भरती-ओहोटीचं, कांदळवन आणि चिखलात पाय रोवून तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढायच्या. सह्याद्री ते समुद्र सरळ रेषेत इथे जेमतेम ५०-६० किलोमीटर असेल, एवढ्यात नदी जन्मते आणि संपतेसुद्धा. हे पुस्तकात वाचून कळत नाही हो, उलटं चालत गेलं की कळतं.

देवरुखला एसटीने उतरलो आणि जेवणं उरकून रात्रीच चालायला लागलो. पुढे साधारण १६-१८ किलोमीटर. डांबरी रस्ता आहे, गाड्या भरभरून जात असतात, त्यामुळे सुरुवातीला नुसतं कडेकडेने बॅटरी घेऊन चालणं. थंडी चांगली होती. आमच्यातले आबा पुढे, टाळ त्यांच्याकडे, ते "हर हर मार्लेश्वर" म्हणाले की मागून सगळे. आंगवलीच्या बाजूला आलो आणि डाव्या-उजव्या अंगाने पाण्याचा आवाज यायला लागला, मग बोलणंच कमी झालं सगळ्यांचं.

आंगवलीला देवाचा मूळ मठ. कथा अशी सांगतात की देवरुखला तेव्हा जुलमी राजवट होती, तिला कंटाळून देव निघाला आणि आंगवलीवरून या डोंगरातल्या गुहेत येऊन राहिला. म्हणजे आपण चालतो ती देवाचीच वाट झाली. लग्नाआधीची हळद आंगवलीतच, आणि तिथूनच देवाची पालखी वर जाते. नवरी गिरिजादेवी साखरप्याहून पालखीतून येते आणि देवरुखचा व्याडेश्वर यजमान म्हणून. ३६० मानकऱ्यांना आमंत्रण असतं. माझ्या आजीच्या तोंडून हे सगळं इतक्या वेळा ऐकलंय की कुठे पालखी दिसली की मला घरातल्याच लग्नाला चाललोय असं वाटतं.

एका वाडीत काकी अंगणात चुलीवर चहा घेऊन बसलेल्या, पैसे विचारले तर रागावल्या. "पानी पिऊन जावा रं पोरांनो, पुढं चढ हाय." गूळ पण दिला हातावर.

पायथ्याच्या मारळ गावाच्या पुढे उजाडलं. इथून वाट खरी रंगात येते. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत जातात, ऐन, किंजळ, हिरडा, जांभळी अशी दाट झाडी, आणि नदी आता नदी राहिलेली नसते, काळ्या दगडांमधून उड्या मारणारा ओढा होतो, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजता येतील. आमच्याकडे खाली सगळा जांभा, लाल कातळ आणि सडे, इथे मात्र काळा पाषाण, त्याच्या थरांवरून पाणी पायरी पायरीने उतरतं. वरच्या अंगाला चांदोलीचं जंगल, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे ते. ते रान शाबूत आहे म्हणून जानेवारीतही इथे पाणी खेळतंय असं मला मनापासून वाटतं. चार महिन्यांत धो धो पडलेलं पाणी उघड्या डोंगरावरून लगेच समुद्रात जातं, रानातली माती आणि पाचोळा ते धरून ठेवतात आणि पुढे महिनोन्‌महिने झिरपत सोडतात.

मग पायऱ्या. पाचशेच्या वर आहेत, दुकानं दोन्ही बाजूला, मालवणी खाजा, बत्तासे, नारळ. गर्दीत कोणी घाई करत नव्हतं. आणि चढताना एका वळणावर समोर धारेश्वर दिसला. पावसाळ्यातला धबधबा मी फोटोत पाहिलेला, तो प्रचंड असतो. आत्ता धार बारीक होती पण कड्यावरून सरळ खाली पडत होती, खाली करंबेळीचा डोह, हिरवागार. आमच्यातल्या एका मावशींनी तिथेच उभं राहून हात जोडले, म्हणाल्या हेच आपल्या खाडीत येतं ना रे. मी हो म्हटलं. अजून देवाचं दर्शन व्हायचं होतं पण माझं अर्धं दर्शन तिथे झालं होतं.

गुहेत वाकूनच जावं लागतं. आत वीज नाही, समयांचा उजेड फक्त. दोन पिंडी, मल्लिकार्जुन आणि मार्लेश्वर. कपारीत साप असतात, कोणाला चावल्याचं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. मला एक दिसला, दगडाच्या फटीत नुसता पडलेला, लोक शांतपणे नमस्कार करून पुढे सरकत होते.

दुपारी लग्न लागलं, लिंगायत पद्धतीचा कल्याणविधी असतो, मंगलाष्टकं, अक्षता, ढोल, आणि सगळ्या दरीत "हर हर मार्लेश्वर". मी अक्षता टाकल्या, गळा भरून आला होता.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओढ्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्या, द्रोण, प्लास्टिकच्या पिशव्या पडलेल्या होत्या. हे सगळं पहिल्या पावसात वाहून आमच्या जाळ्यात येतं, खरंच येतं, आम्ही काढतो ते. आम्ही उतरताना दोन गोणी भरल्या आणि मारळपर्यंत आणल्या, पुढच्या वर्षी वाडीतून रिकाम्या गोण्या घेऊनच निघायचं ठरलंय. तुम्ही येणार असाल तर तेवढं बघा, आणि पावसाळ्यात आलात तर डोहात उतरू नका, कडेचे दगड फार निसरडे असतात. जमलं तर देवरुखला एसटी सोडा आणि चालत या, रात्री निघालात की उजेडात मारळच्या पुढचं रान मिळतं.